तिवरांच्या आडचं घर

मे 2021. गेटवेहून लाँचने तासाभरावरचं घारापुरी बेट. कोरोनामुळे लेणी बंद, पर्यटक नाहीत, जेट्टीवरची छोटी गाडी उभी. कैरीच्या फोडी हिसकावायला कुणी मिळेना, म्हणून माकडं बेटावरच्या मोराबंदर गावातल्या या घराच्या अंगणात उतरलीयत.

घरामागे ओहोटी लागलीय. चिखलावर सरपटतेय ती निवटी. मासाच, पण ओल्या कातडीतून श्वास घेत तासन् तास पाण्याबाहेर राहणारा. डोळे पार टाळूवर. सुकले की खोबणीत ओढून ओले करून घ्यायचे. हा नर पाठीवरचा पर उभारून उडी मारतोय: माझी हद्द! पलीकडे एकच नांगी भलीमोठी असलेले खेकडे. ती हलवून माद्यांना बोलावणं चाललंय. खायला मात्र दुसरी, चिमुकलीच कामाला येते.

हा सगळा संसार तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या, जिवावर. चिखलातून वर आलेले खुंट म्हणजे त्यांची मुळंच, हवा घेणारी. पान जवळून बघा, वर मिठाचे कण आहेत. खाऱ्या पाण्यातलं मीठ झाड पानांवाटे बाहेर टाकतं. पाचोळा चिखलात कुजतो, त्यावर खेकडे आणि कोळंबीची पिल्लं पोसतात. मुंबईने अशा जागांवर भराव घालून इमारती उठवल्या. उच्च न्यायालयाने 2018 मध्ये तिवरतोडीला राज्यभर मनाई केली, तरी डेब्रिजचे ट्रक रात्री येतातच.

17 मे. तौक्ते चक्रीवादळ मुंबईला बगल देऊन उत्तरेकडे निघालंय. कुलाब्याला वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर. ही घार बघा, पंख पसरून जागच्या जागी. पुढे सरकायचं नावच नाही. गेटवेच्या कठड्यावरून लाटा आत येतायत. आणि इथे? तिवरांच्या पहिल्या रांगेवर आदळणारी लाट बघा, मग घरामागे पोचलेलं पाणी बघा. भरती एकच. मागे नुसतं डुचमळतंय.

सकाळपर्यंत सांताक्रूझला 230 मिलिमीटर पाऊस, मे महिन्यातला विक्रम. खोल समुद्रात तेलक्षेत्रातल्या कामगारांच्या मुक्कामाची पी-305 बार्ज बुडाली, कित्येक माणसं गेली. मुंबईच्या कोळीवाड्यांत होड्या फुटल्या.

तिवरांच्या खुंटांत थर्माकोल, बाटल्या, चपला. शहराने पाठवलेला आहेर.

1 जूनपासून मासेमारी बंद. होड्या दुरुस्त करून चार पैसे कमवायला कोळ्यांच्या हातात जेमतेम दोन आठवडे आहेत.