समुद्रावरची खाणावळ आणि धारवाडचे शेजारी

नमस्कार मंडळी. दुपारची वेळ आहे, कोणी जेवून आडवं झालं असेल, कोणी बेळगावच्या खडेबाजारात दुकानाच्या गल्ल्यावर बसून एका कानाने रेडिओ ऐकत असेल, चालू द्या. मी पण काही भाषणबिषण करायला आलेली नाही, निपाणीच्या शाळेत तीस वर्षं मुलांना गप्प बसवण्यात गेली, आता रिटायर झाल्यावर मला बोलायची पाळी आली आहे एवढंच.

तर आमच्या मुलाने आम्हा दोघांना क्रूझवर पाठवलं. बार्सिलोनाहून निघणारी, सात रात्रींची, मार्सेय, जिनोव्हा, रोमचं बंदर असं करत परत बार्सिलोना. आता त्यात काय काय बघितलं ते सांगत बसत नाही, फोटो सगळ्या गल्लीने बघून झालेत आणि बघून कंटाळून पण झालेत. मला सांगायचंय ते जेवणाच्या टेबलाबद्दल, कारण घरी आल्यावर जो तो विचारतो रोम कसं होतं, आणि मला आधी आठवतं ते टेबल.

झालं काय, बुकिंग करताना मुलाने विचारलं, आई, डिनर फिक्स्ड पाहिजे की फ्लेक्झिबल? मला काय कळतंय त्यातलं. मग त्याने समजावलं. फिक्स्ड म्हणजे रोज एकच वेळ, एकच टेबल, तीच माणसं, तोच वेटर. त्यात पण दोन पंगती असतात, पहिली संध्याकाळी सहाच्या आसपास आणि दुसरी साडेआठच्या सुमाराला. फ्लेक्झिबल म्हणजे मनाला येईल तेव्हा जायचं, जिथे जागा असेल तिथे बसायचं. पूर्वी मोठ्या बोटींवर बहुतेक फिक्स्डच असायचं, मग २००० साली नॉर्वेजियन क्रूझ लाइनने फ्रीस्टाइल म्हणून मोकळी पद्धत आणली आणि हळूहळू बाकीच्यांनी पण तसले पर्याय ठेवले. मी म्हणलं, अरे, म्हणजे एक खाणावळ आणि एक हॉटेल, असंच की. महिन्याचे पैसे भरून रोज त्याच पाटावर बसायचं ती खाणावळ, आणि आलात, खाल्लंत, गेलात ते हॉटेल. तर म्हणलं खाणावळच घे बाबा, आणि साडेआठची. सहाला जेवून रात्री अकराला भूक लागली तर ह्यांचं तोंड कोण बघणार.

पहिल्या रात्री गेलो. दारात हेड वेटर उभा, त्याच्या हातात यादी, आणि टेबल आठ जणांचं. आमच्याआधी सहा जण बसलेले. दोन स्कॉटलंडच्या बहिणी, दोघी सत्तरीच्या पुढच्या, एक जर्मन जोडपं, आणि एक आपल्यासारखं दिसणारं जोडपं, बाईंच्या अंगावर इरकल. मी पण इरकलच नेसले होते! आता इरकल नेसलेली बाई भूमध्य समुद्रात भेटल्यावर तुम्ही काय कराल? मी सरळ विचारलं, कुठले तुम्ही? पण विचारलं कसं, तर इंग्लिशमध्ये. तिकडून उत्तर आलं, धारवाड. ते पण इंग्लिशमध्ये. मी सांगितलं, बेळगाव. आणि मग दोन मिनिटं सगळे ब्रेडला लोणी लावत बसले.

आता हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही, तुम्हाला कळतंय. मला कन्नड येतं, बाजारात, बसमध्ये, बँकेत बोलतेच की. त्यांना मराठी कळत असणार हे पण मला ठाऊक, धारवाडच्या त्या पिढीतल्या माणसांना चांगलं मराठी येतं. पण आधी कोणी कोणाच्या भाषेत बोलायचं? मी कन्नड सुरू केलं तर हे म्हणणार, काय गरज होती. त्यांनी मराठी सुरू केलं तर त्यांना घरी कोण विचारणार आहे, पण त्यांना पण तसंच वाटत असणार. १९५६ पासूनचं सीमावादाचं सगळं ओझं आम्ही चौघांनी विमानात घालून, बॅगेचं वजन न वाढवता, थेट स्पेनपर्यंत नेलं होतं. आणि मग आम्ही चार जणं, घरं पंच्याहत्तर-ऐंशी किलोमीटरवर, कित्तूरवरून दोन तासाचा रस्ता, असले अडखळत इंग्लिश बोलत बसलो की त्या स्कॉटलंडच्या बहिणींना वाटलं असेल ह्यांची आजच ओळख झाली, कुठल्या तरी दोन वेगळ्या देशातली माणसं आहेत.

त्यात मी पहिल्याच रात्री एक घाण करून ठेवली. आपल्याकडे कसं, एसटीत शेजारी बसलेल्या बाईला धामणे येईपर्यंत विचारून होतं, मुलं किती, काय करतात, लग्नं झाली काय. तसं मी त्या धाकट्या बहिणीला विचारलं, तुम्ही लग्न का नाही केलंत? टेबलाखालून ह्यांनी असा पाय मारला की माझी चप्पल धारवाडच्या सरांच्या पायापर्यंत गेली. ती बाई हसली, म्हणाली, लांबलचक गोष्ट आहे, आणि सूप पिऊ लागली. मला रात्रभर झोप नाही.

दुसऱ्या रात्री जर्मन जोडपं गायब. दोन खुर्च्या मोकळ्या. मी म्हणलं, माझ्यामुळेच गेले, आता तेवढंच बाकी होतं. वेटर म्हणाला, नाही हो मॅडम, त्यांनी पहिली पंगत मागून घेतली, त्यांना लवकर जेवायची सवय आहे. हे असं करता येतं बरं का. टेबल पटलं नाही, वेळ पटली नाही तर पहिल्या-दुसऱ्या दिवशीच हेड वेटरला जाऊन सांगायचं, ते बघतात, रुसून बसायचं नाही. दोघांचंच टेबल पाहिजे असेल तर बुकिंग करतानाच सांगायचं, तसली टेबलं कमी असतात. आणि शाकाहारी असाल तर ते पण आधीच कळवायचं आणि पहिल्या रात्री परत तोंडाने सांगायचं, नाहीतर सात दिवस मशरूम. मी मशरूमला काही म्हणत नाही, पण रोज?

हां, वेटरबद्दल सांगायचं राहिलंच. मुलगा गोव्याचा, सत्तरी तालुक्यातला, वाळपईकडचा. म्हणजे चोर्ल्याचा घाट उतरला की आलंच. बेळगाव म्हणल्यावर त्याचा चेहरा असा खुलला, म्हणाला, तुमची भाजी खाऊनच आम्ही मोठे झालो. खरंच की, रोज पहाटे इथून भाजीच्या आणि दुधाच्या गाड्या गोव्याला जातात, घाटात दरड पडली तर तिकडे टोमॅटोचा भाव वाढतो. गोव्याची पुष्कळ मुलं अशी बोटीवर असतात, महिनोन् महिने घरी जात नाहीत. त्याने पहिल्या रात्रीत आठही जणांची नावं पाठ केली, दुसऱ्या रात्री मी बसायच्या आधी गरम पाणी आणून ठेवलेलं, कारण आदल्या रात्री मी एकदाच मागितलं होतं. पंगतीत चांगला वाढपी कसा असतो, आमटी कोणाला परत पाहिजे ते पानाकडे बघून ओळखणारा, तसला. आता ह्या माणसांची टिप वेगळी नसते बरं, कंपनीच दर दिवसाला दर माणशी ठरावीक रक्कम बिलात लावते, कित्येक बोटींवर पंधरा-वीस डॉलरच्या घरात जाते, त्यामुळे बुकिंगच्या वेळी तिकीट स्वस्त दिसलं म्हणून लगेच उड्या मारू नका.

तिसरी रात्र. आलेल्या बटाट्याला चव म्हणून नाही. माझ्या पर्समध्ये शेंगाचटणीचं पाकीट होतं, सीलबंद, इथूनच घेतलेलं, कारण घरी केलेलं खाणं बोटीवर बहुतेक चढवू देत नाहीत, पाकीटबंद चालतं. काढावं की नको, लोक काय म्हणतील असा विचार करतेय तोवर समोरून धारवाडच्या बाईंनी पिशवीतून हळूच एक पाकीट काढलं. शेंगाचटणी! दोघी एकमेकींकडे बघतोय, दोघींच्या हातात तसलंच पाकीट, आणि त्यांच्या तोंडून एकदम निघालं, "अय्यो, निमदू ऐतेनरी?" म्हणजे, अय्या, तुमच्याकडे पण आहे होय? आणि मी पण विचार न करता कन्नडमध्येच म्हणलं, हौदरी, ऐति. मग काय, धरण फुटलं. त्या कन्नडमध्ये, मी कन्नडमध्ये, मधेच त्यांचं मराठी, आमचे हे मराठीत, सर कन्नडमध्ये, आणि गोव्याचा पोरगा कोंकणीत मधे मधे. स्कॉटलंडच्या थोरल्या बहिणीने बटाट्यावर चटणी घालून घेतली, डोळ्यात पाणी, पण परत मागितली.

आणि मग भांडण सुरू झालं ते कुंदा की पेढा. हे आता होणारच होतं. सर म्हणाले, धारवाडच्या पेढ्यापुढे तुमचा कुंदा म्हणजे जळलेला खवा. आमचे हे तसे शांत, पण ह्या बाबतीत नाही. म्हणाले, तुमचा पेढा घशात अडकतो, कुंद्याला पाणी लागत नाही. त्या दोन बहिणींना समजावून सांगायचं म्हणजे किती कसरत, दूध आटवायचं, खवा करायचा, साखर घालून भाजत भाजत तांबूस करायचं, दोन्हीत तेच की! धाकटी बहीण म्हणाली, म्हणजे दोन्ही एकच गोष्ट आहे. चौघं एकदम ओरडलो, नाही! आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं वळून बघायला लागली.

चौथ्या दिवशी रोम. बंदर रोमपासून बरंच लांब आहे, सत्तर-ऐंशी किलोमीटर, चिव्हिताव्हेक्किया असं जीभ वळवणारं नाव. आम्ही शहाणपणा करून बोटीची सहल न घेता आमचं आम्ही ट्रेनने गेलो. एक लक्षात ठेवा, बोटीच्या सहलीला उशीर झाला तर बोट थांबते, तुमचं तुम्ही गेलात आणि उशीर झाला तर बोट तुम्हाला टाटा करून जाते. परतीची ट्रेन लेट झाली, आम्ही सुटायच्या वीस मिनिटं आधी धापा टाकत चढलो, केबिनमध्ये पडलो ते झोपच लागली. सव्वानऊला फोन वाजला. गोव्याचा पोरगा. मॅडम, तुम्ही बोटीवर आहात ना? टेबलावरचे सगळे विचारतायत, जेवण पुढे न्यायला नको म्हणतायत. आम्ही तशाच चुरगळलेल्या कपड्यात गेलो. चौघांनी मेन डिश मागवली नव्हती. अहो, ओळख तीन रात्रींची! धारवाडच्या बाई मला म्हणाल्या, दोन खुर्च्या मोकळ्या बघून पोटात कसंतरी झालं. त्या रात्री धाकट्या बहिणीने आपणहून ती लांबलचक गोष्ट सांगितली. ती इथे रेडिओवर सांगायची नाही.

माझे एक दीर मागे फ्लेक्झिबलवाल्या क्रूझवर गेले होते, आल्यावर मी मुद्दाम विचारलं. म्हणाले, रोज नवीन टेबल, रोज नवीन माणसं, आणि रोज तेच चार प्रश्न, कुठून आलात, कितवी क्रूझ, हवा बरी आहे, उद्या कुठे उतरणार. सातव्या रात्री पण पहिल्या रात्रीचंच बोलणं. त्यांना आवडलं म्हणे, कोणाशी अडकायला होत नाही. असतो एकेकाचा स्वभाव. मला विचाराल तर पहिल्या रात्री कोणीच कोणाला आवडत नाही, बाजूला बसलेला माणूस घास कसा घेतो ह्याचीच चीड येते. दुसऱ्या रात्री सवय होते. बोलणं फुटतं ते तिसऱ्या रात्री, आणि तिसरी रात्र यायची तर परत त्याच खुर्चीवर येऊन बसावं लागतं ना. आम्ही लहान असताना खाणावळीत जेवणारे मास्तर लोक असेच, पहिला महिना मान खाली घालून, आणि नंतर एकाच्या घरच्या बारशाला दुसरा पाळण्याची दोरी बांधायला.

बाकी सकाळचा बुफे वगैरे असतो वरच्या मजल्यावर, तिथे ट्रे घेऊन जागा शोधत फिरायचं, दारात हात धुवायला लावतात ते मात्र नीट धुवा, साबणाने, कारण बोटीवर पोटाचा जो संसर्ग पसरतो, नोरोव्हायरस म्हणतात, तो नुसत्या जेलला जुमानत नाही. तिथे पण अनोळखी माणसं शेजारी बसतात, पण तिथे कोणी कोणाची वाट बघत नाही.

शेवटच्या रात्री पोराने आमच्यासाठी चपाती करून आणली, आतल्या किचनमधून सांगून, तव्यावरच्या दोन गोल आणि तीन कर्नाटकच्या नकाशासारख्या. आमचे हे म्हणाले, बेळगाव बघ कुठे आलं. सर म्हणाले, ते मी खाल्लं. एक क्षण मला वाटलं झालं आता, आणि मग दोघं असे हसले की ठसका लागला आणि पाणी द्यायला दोन वेटर धावले.

आता गेल्या आठवड्याचीच गोष्ट. दुपारी फोन आला, धारवाडहून, सर स्वतः, आवाज अगदी हळू. म्हणाले, टीचर, रविवारी तुमच्या शहापुरात एका लग्नाला येतोय, एक किलो कुंदा घेऊन ठेवाल काय, ताजा. मी म्हणलं, ठेवते की, दोन किलो ठेवते. म्हणाले, एकच. आणि मिस्टरांना सांगू नका.