क्रॉलर गचके का खातो?

मंडळी, रिमोटवर चालणारा रॉक क्रॉलर, म्हणजे दगडांवर चढणारी छोटी मॉडेल गाडी, दगडावर अर्ध्यात पोचतो, थबकतो, मोटर नुसती गुरगुरते आणि मग गाडी एकदम सुटून पुढे उडी मारते. हे प्रत्येकाने पाहिलं असेल. रेसिंगच्या गाडीत हा दोष वेगात विरून जातो. क्रॉलरचं सगळं काम मात्र अगदी मुंगीच्या चालीवर. तिथे शाफ्टमधला छोटासा अडथळाही टायरपर्यंत पोचतो, आणि टायर नेमका त्याच क्षणी दगडावरून सुटतो.

अशा वेळी बहुतेक जण मोटर बदलतात. जास्त ताकदीची मोटर बसवली की अडथळा दिसेनासा होतो, जात नाही. काही दिवसांनी स्पर गिअरचे दात जातात. मग स्टीलचे गिअर मागवायचे, मग दुसरं काहीतरी तुटायचं. या छंदात खिसा असाच रिकामा होतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी गचके मोजा.

ही टेबलावर ॲक्सियलची एससीएक्स 10 टू ठेवली आहे. बॅटरी काढलेली आहे, कारण स्पीड कंट्रोलरचा ड्रॅग ब्रेक (रिमोटचा ट्रिगर सोडला की मोटर धरून ठेवणारा) चालू असला तर चाकं तशीही धरून ठेवली जातात आणि आपण उगाच गिअरबॉक्सवर संशय घेतो. आता मोटरचे दोन स्क्रू सैल करून पिनियन, म्हणजे मोटरवरचा लहान गिअर, स्परपासून, म्हणजे त्याला लागलेल्या मोठ्या गिअरपासून, बाजूला सरकवतो. हेही गरजेचं आहे. मोटरमधल्या चुंबकांचे खटके लागतात, आणि चाकाकडून फिरवताना ते मोठ्या रिडक्शनमधून (गती कमी करणाऱ्या गिअरांमधून) उलटे येतात. नवीन माणसाला वाटतं गाडी जाम आहे. ती जाम नसते.

गाडी खोक्यावर ठेवली, चारही चाकं अधांतरी. मागच्या टायरवर खडूने खूण केली. आता चाक सावकाश एक पूर्ण फेरा फिरवतो. बोटाला काय लागतं? हलकं, जड, हलकं, जड. मोजा माझ्याबरोबर. एका फेऱ्यात सात-आठ वेळा.

हा आकडा कुठून आला? या ॲक्सलमध्ये क्राउनला, म्हणजे चाकांबरोबर फिरणाऱ्या मोठ्या गिअरला, 30 दात आणि त्याला फिरवणाऱ्या ॲक्सलच्या पिनियनला 8. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून ॲक्सलपर्यंतचा दांडा, पावणेचार वेळा फिरतो. त्याच्या टोकाचा युनिव्हर्सल जॉइंट प्रत्येक फेऱ्यात दोनदा जड होतो. पावणेचार दुणे साडेसात. गिअरबॉक्स न उघडता आपण शाफ्टवर येऊन पोचलो. हेच गचके तीन-चार असते तर ॲक्सलचा पिनियन, त्याचं बेअरिंग किंवा वाकलेला शाफ्ट तपासला असता. फेऱ्याला एकच गचका असेल तर बहुधा क्राउनच्या दातात खडा अडकलाय किंवा ॲक्सल वाकलाय. तालच नाही, सगळीकडे सारखंच जड, तर काहीतरी जास्त आवळलं गेलंय किंवा बेअरिंग कोरडं पडलंय. पोर्टल ॲक्सलची गाडी असेल तर चाकाजवळची रिडक्शनही या हिशोबात धरा.

आता शाफ्टकडे नीट बघू. इंजिनिअरिंगला ज्यांनी थिअरी ऑफ मशीन्स घासली असेल त्यांना हूक्स जॉइंट, म्हणजे हाच युनिव्हर्सल, आठवेल. हा सांधा कोनात फिरला की एका बाजूची गती स्थिर असली तरी दुसऱ्या बाजूची स्थिर राहत नाही. कोन 30 अंशांचा असेल तर ती गती मूळ गतीच्या 0.866 पटीपासून 1.155 पटीपर्यंत हेलकावते, तेही फेऱ्यात दोनदा. म्हणून शाफ्टला दोन्ही टोकांना सांधा देतात. पहिल्याने केलेला घोळ दुसरा निस्तरतो. पण त्याला दोन अटी आहेत. दोन्ही सांध्यांचे कोन जवळजवळ सारखे हवेत, आणि शाफ्टवरचे दोन्ही काटे (सांधा धरणारी दुबेळकी टोकं) एकाच पातळीत हवेत.

हा बघा, मधला सरकता भाग ओढून काढला. परत घालताना तो पाव फेरा फिरून बसला तरी आपल्याला काही वाटत नाही, शाफ्ट दिसायला छानच दिसतो. पण आता दोन्ही सांध्यांचे घोळ एकमेकांना मारण्याऐवजी गुणले जातात. त्याच 30 अंशांना गती 0.75 पासून 1.33 पटीपर्यंत जाते. पुढची चाकं एका चालीने, मागची दुसऱ्या, आणि पुढचा-मागचा ॲक्सल एकमेकांना थेट जोडलेले असल्याने भांडण जमिनीवरच मिटवायचं. काटे एका रेषेत आणले. आता फिरवा. बघितलंत? खर्च शून्य.

काही गाड्या हवेत लोण्यासारख्या फिरतात आणि दगडावर जाम होतात. तिथे शाफ्टची लांबी तपासा. स्प्रिंग काढून ॲक्सल हाताने पूर्ण वर दाबा आणि चाक फिरवा. सरकता भाग तळाला टेकत असेल तर शाफ्ट दोन्हीकडच्या बेअरिंगवर ढकलायला लागतो. लिफ्ट किट (गाडी उंच करणारे भाग) किंवा लांबीला वेगळे लिंक (ॲक्सल धरणाऱ्या दांड्या) घातल्यावर हे होऊ शकतं. ॲक्सल पूर्ण खाली सोडूनही बघा, नाहीतर भर चढावर शाफ्टचे दोन तुकडे हातात येतील.

स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावरच गचके येत असतील आणि चाकाच्या फेऱ्याला दोन असतील, तर दोष चाकाजवळच्या युनिव्हर्सलचा. तिथे एकच सांधा असतो, त्याचा घोळ निस्तरायला दुसरा कोणी नाही. 40 अंशांना तो चांगलाच जाणवतो. रिमोटवरून स्टिअरिंगचा शेवटचा टप्पा थोडा कमी करा, किंवा दोन सांधे एकत्र असलेला डबल कार्डन शाफ्ट घाला.

बाकीचे नेहमीचे गुन्हेगार भराभर सांगतो. आठ मिलिमीटरच्या जागी दहाचा स्क्रू लागला की टोक आत गिअरला घासतं. गिअरबॉक्सचे स्क्रू एकेक करून अर्धा फेरा सैल करत फिरवून बघा, कोणता ते लगेच कळतं. क्राउनच्या मागे शिम (पातळ चकत्या) जास्त झाले तरी जड चालतं. पिनियन आणि स्परमध्ये कागदाची पट्टी घालून अंतर धरा, पण स्पर पूर्ण फिरवून, कारण प्लॅस्टिकचा स्पर क्वचितच अगदी गोल असतो. पावसाळ्यात ओढ्यात गाडी घातली असेल तर ॲक्सलची बेअरिंग उघडून बघाच.

काही गचके मात्र दोष नसतात. लॉक ॲक्सलची गाडी फरशीवर वळताना अडखळणारच, आतलं आणि बाहेरचं चाक सारखंच फिरतंय. टीआरएक्स 4 सारख्या गाडीत रिमोटवरून डिफ (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारा गिअरसंच) उघडता येतो, तो उघडून वळवा, फरक लगेच दिसेल. सरळ जातानाही घट्ट वाटत असेल तर पुढचं-मागचं गुणोत्तर तपासा. समजा पुढे 30/8 आणि मागे कोणीतरी 33/8 घातलंय. पुढची चाकं 10 टक्के जास्त पळतात. हे मुद्दाम करणारेही आहेत, कारण चढावर पुढचा भाग ओढून घेतो. सेकंडहँड गाडी घेताना दात मोजून घ्या.

मागून प्रश्न आलाय, की नवीन स्टीलचे गिअर चालून चालून आपोआप मोकळे होतात का? किंचित घरघर असेल तर हो, ग्रीस लावून थोडी चालवा. पण बोटाला ठरावीक ठिकाणी अडथळा लागत असेल तर तो चालवून जाणार नाही. दहा मिनिटं सपाटीवर चालवून मोटरला हात लावा. हात ठेववत नसेल, तर पिनियन परत मागे घ्या आणि मोजायला लागा.