किल्टचा काठ

श्रोतेहो, नमस्कार. स्कॉटलंडचा किल्ट, म्हणजे पुरुषांचे गुडघ्यापर्यंतचे निऱ्यांचे वस्त्र, आपण बहुतेकांनी लष्करी बँडच्या संचलनात किंवा चित्रांत पाहिलेला असतो. तो कसा घालावा याचे तिथे ठरलेले संकेत आहेत आणि सध्याच्या सैल पोशाखाच्या काळात त्यांतले कोणते टिकावेत, याविषयी मला आज बोलायचे आहे.

पारंपरिक किल्टला साधारण आठ वार लोकरी कापड लागते. नऊवारीशी परिचय असलेल्या आपल्या कानांना हे माप सहज उमगेल. साऱ्या निऱ्या मागे असतात आणि त्या कमरेपासून नितंबापर्यंत हाताने शिवून पक्क्या केलेल्या असतात. पुढे दोन सपाट पदर एकावर एक येतात आणि वरचा पदर उजव्या बाजूला मिटतो. त्याच्या खालच्या कोपऱ्यात लावायची पिन फक्त वरच्याच पदरातून घ्यायची असते, कारण ती दोन्ही पदरांतून घातली तर चालताना कापड ओढले जाते आणि फाटते. किल्ट बेंबीच्या उंचीला बांधावा आणि त्याचा काठ गुडघ्याच्या वाटीच्या मध्यावर यावा, हा नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. खालची कडा दुमडून शिवलेली नसते. मागावर विणलेला कापडाचा मूळ काठच तिथे असतो. किल्ट कमरेवरून ओघळून पोटरीपर्यंत आला की निऱ्यांची सगळी घडण बिघडते.

दुसऱ्या प्रकारचे नियम प्रसंगाचे आहेत. दिवसा ट्वीडचा साधा कोट, टाय आणि चामड्याची स्पोरन, म्हणजे पुढे लटकणारी पिशवी. संध्याकाळच्या मेजवानीला चांदीच्या गुंड्यांचा आखूड 'प्रिन्स चार्ली' कोट, बो टाय आणि फर लावलेली स्पोरन. कोटाच्या आत वेस्टकोट, म्हणजे बिनबाह्यांचे जाकीट, घातले असेल तर पट्टा बांधत नाहीत. उजव्या मोज्यात स्गियन डू हा छोटा सुरा खोचतात.

हे प्रसंगाचे संकेत फार प्राचीन आहेत, असा समज आढळतो; तो इतिहासाला धरून नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस डोंगराळ भागातील माणूस एक मोठे कापड अंगाभोवती गुंडाळून कमरेला पट्टा बांधत असे, आणि तोच त्याचा रोजचा पोशाख होता. कलोडनच्या लढाईत ब्रिटिश सैन्याने स्कॉटिश बंडखोरांचा पराभव केल्यानंतर 1746 च्या कायद्याने हा पोशाख करण्यास मनाई झाली: पहिल्या गुन्ह्याला सहा महिने तुरुंगवास, दुसऱ्याला सात वर्षे समुद्रापार हद्दपारी. सूट होती ती सैन्यातील पलटणींना. हा कायदा 1782 मध्ये रद्द झाला, पण तोपर्यंत किल्टची शिस्त पलटणीच्या हाती गेली होती. पुढे 1822 मध्ये चौथा जॉर्ज एडिंबरोला आला, तेव्हा कादंबरीकार वॉल्टर स्कॉट यांनी आखलेल्या समारंभात खुद्द राजाने हा वेश केला, आणि शेतात, डोंगरात वापरायचे वस्त्र दरबारी झाले. आज आपण ज्याला परंपरा म्हणतो, तिचा मोठा भाग या पलटणीतून आणि दरबारातून आलेला आहे.

म्हणूनच फुटबॉलच्या सामन्याला जाणारी 'टार्टन आर्मी', म्हणजे स्कॉटलंडच्या संघाचे चाहते, संघाचा शर्ट आणि जाड बूट यांच्यासोबत किल्ट घालते, तेव्हा मला त्यात अवमान दिसत नाही. उलट तो पोशाख पुन्हा रस्त्यावर आला याचा आनंद होतो. कोट गेला, टाय गेला तरी चालेल. खंत वाटते ती लग्नासाठी भाड्याने आणलेला किल्ट पँटसारखा खाली सरकवून घातलेला पाहताना, कारण शिवणाऱ्याने तासन्‌तास बसून जुळवलेल्या टार्टनच्या, म्हणजे किल्टच्या चौकटीदार लोकरी कापडाच्या, चौकड्या तिथे वाकड्या होतात आणि घालणाऱ्याला ते कोणी सांगितलेलेही नसते.

किल्ट नीट घातला आणि जपला, तर तो एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जातो. आजोबांचा किल्ट नातवाला कमरेत सैल झाला, तर कातडी पट्ट्यांची बकले सरकवून तो बसवता येतो. उंची मात्र वाढवता येत नाही, कारण दुमडून ठेवलेले कापड तिथे नसते. मग नातू आरशापुढे उभा राहतो, किल्ट बेंबीपर्यंत वर ओढतो आणि काठ गुडघ्यावर नेमका कुठे येतो ते पाहतो.