औषध चुकतं कुठे?

(दृश्य: औषधांची ट्रॉली, चार्ट, अँप्यूल फोडणारे हात)

सकाळचे आठ. औषधांची फेरी सुरू होते. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. नर्सिंगच्या पहिल्याच वर्षात हे पाच नियम पाठ होतात. ज्यांच्या हातून औषध चुकतं, त्यांनाही ते पाठच असतात. डॉक्टरांची अर्धवट वाचता येणारी ऑर्डर, एकसारखी दिसणारी दोन अँप्यूल (औषधाच्या छोट्या काचेच्या कुप्या) आणि मध्येच वाजणारा फोन यांचं काय करायचं, ते या पाचांत कुठेच नाही.

बऱ्याचदा चूक ट्रॉलीपाशी पोचण्याआधीच कागदावर झालेली असते. 1.0 मिलिग्रॅम लिहिलं आणि टिंब पुसट उमटलं, की दहा. टिंबाआधीचं शून्य गाळून नुसतं .5 लिहिलं, की पाच. युनिटऐवजी घाईत यू अक्षर ओढलं, तर ते शून्यासारखं दिसतं आणि 4 युनिट इन्सुलिनचे 40 होतात. म्हणून 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहायचा, 0.5 मधलं शून्य ठेवायचं, 1 पुढचं टिंब-शून्य टाळायचं. फोनवरच्या ऑर्डरीत फिफ्टीन आणि फिफ्टीचा घोळ ठरलेला. तिथे 'वन-फाइव्ह' असे अंक सुटे म्हणून घ्यावेत, लिहावेत आणि फोन ठेवण्याआधी परत वाचून दाखवावेत.

(दृश्य: दोन इन्सुलिन सिरिंज शेजारी शेजारी)

ऑर्डर बरोबर आहे असं धरू. इन्सुलिन जिथे 40 आणि 100 अशा दोन्ही ताकदींत मिळतं, तिथे सिरिंजही दोन प्रकारच्या असतात. एका मिलीत 100 युनिट असलेलं इन्सुलिन 40 च्या सिरिंजमध्ये वीसच्या रेघेपर्यंत भरलं, तर आत येतं अर्धा मिली. म्हणजे 50 युनिट, अडीचपट. उलट केलं, तर वीसऐवजी फक्त आठच युनिट जातात. दोन्ही वेळा सिरिंज वीसच दाखवते. व्हायल (इन्सुलिनची बाटली) आणि सिरिंजवरचा आकडा जुळवून पाहणं हाच इथला खरा बचाव.

सलाईनच्या सेटचंही, म्हणजे नळीचंही, असंच. 500 मिली चार तासांत द्यायचं, म्हणजे तासाला 125 मिली. साध्या सेटला मिलीमागे 20 थेंब, म्हणून मिनिटाला 42. मायक्रो सेटला 60 थेंब, म्हणून मिनिटाला 125. मायक्रोचा आकडा साध्या सेटवर लावला, तर चार तासांचं सलाईन 80 मिनिटांत संपतं.

(दृश्य: सलाईनची बाटली, तळाशी उतरणारा रंगीत द्रव)

पोटॅशियम क्लोराइडवर जरा थांबू. 15 टक्क्यांच्या 10 मिली अँप्यूलमध्ये 20 मिलिइक्विव्हॅलंट (क्षार मोजण्याचं एकक) पोटॅशियम असतं. ते थेट शिरेत गेलं, तर हृदय बंद पडू शकतं. म्हणूनच अनेक रुग्णालयांनी ही अँप्यूल वॉर्डाच्या कपाटातून काढून टाकली. पण पातळ करतानाही फसगत होते. टांगलेल्या सलाईनमध्ये पोटॅशियम सोडलं, की ते जड असल्यामुळे तळाशी, नळीच्या तोंडाशी साचतं आणि आधी तेच शरीरात जातं. सलाईन उतरवायचं, पोटॅशियम घालायचं, निदान दहा वेळा उलटंसुलटं करायचं आणि मगच लावायचं.

आता व्यत्यय. सिडनीतल्या दोन रुग्णालयांत 98 नर्सेस 4,271 औषधं देत असताना निरीक्षण केलं गेलं. निष्कर्ष 2010 मध्ये प्रसिद्ध झाले. दर व्यत्ययागणिक कार्यपद्धतीतल्या त्रुटी 12.1 टक्क्यांनी आणि औषधाच्या प्रत्यक्ष चुका 12.7 टक्क्यांनी वाढलेल्या दिसल्या. हाकेला ओ देऊन नर्स परतते, तेव्हा हात बहुधा एक पायरी पुढून काम सुरू करतात. नाव ताडायचं राहिलेलं असतं, पण ताडलंय असं वाटतं. यावर उपाय कंटाळवाणा आहे: परत आल्यावर पहिल्या पायरीपासून सुरुवात. आणि भरलेली सिरिंज लेबलाशिवाय क्षणभरही खाली ठेवायची नाही. औषध देताना नर्सने घातलेले 'बोलू नका' लिहिलेले ॲप्रन पाहून नातेवाईक थबकतात. सहकारी थबकतीलच असं नाही.

दुहेरी तपासणीही नावापुरती होऊ शकते. "तीन मिली बरोबर ना गं?" असं विचारलं, की समोरून "हो" येतं. दुसरीने आकडा न ऐकता स्वतः हिशेब करावा आणि मग दोन्ही उत्तरं जुळवावीत. प्रत्येक गोळीसाठी हे करत बसलं, तर फेरी दुपारपर्यंत संपणार नाही. इन्सुलिन, रक्त गोठू न देणारं हेपारिन, अफूवर्गीय वेदनाशामकं आणि केमोथेरपीसाठी मात्र ते टाळू नये.

बारकोडने चुका कमी होतात, पण स्कॅनरची बॅटरी उतरलेली आणि रुग्णाच्या हातावरची ओळखपट्टी भिजलेली असली, की पट्टीची जास्तीची प्रत ट्रॉलीवर चिकटवली जाते आणि तीच स्कॅन होते. पडद्यावर सगळं हिरवं. रुग्णाची ओळख मात्र पटवलेलीच नाही. याला आळस म्हणणं सोपं आहे. चार्जर कुठे ठेवलाय, ते आधी पाहावं.

(दृश्य: घटना-अहवालाचा कोरा फॉर्म)

अहवालात पहिली ओळ 'जबाबदार व्यक्ती' अशी असेल, तर थोडक्यात टळलेल्या चुका कुणी लिहीत नाही. तिथे विचारावं: त्या वेळी एका नर्सकडे किती रुग्ण होते? ड्यूटीचा कितवा तास होता? किती वेळा हाक आली? अँप्यूल कुठल्या कप्प्यातून घेतलं आणि शेजारी काय होतं? डोपामिन आणि डोब्युटामिन ही सारख्या नावांची दोन औषधं एकाच ट्रेमध्ये निघाले, तर ट्रे त्याच दिवशी वेगळे करावेत आणि लेबलावर नावातला वेगळा भाग ठळक छापून घ्यावा.