पोलिसांनी उचललेला पांदेरो

(आधी नुसता आवाज. चामड्यावर अंगठा, मग चकत्यांची सळसळ. दहा सेकंद.)

हा जो आवाज ऐकताय ना, तो पांदेरो. दिसायला आपल्या खंजिरीचा भाऊच, कडेला पत्र्याच्या चकत्या, एका हातात धरायचा आणि दुसऱ्या हाताचा अंगठा, बोटं, तळवा आळीपाळीने मारत राहायचं, आणि वाजवणारा मुरलेला असला की एकट्या पांदेरोत अख्खा बँड ऐकू येतो. पण १९०८ च्या सुमाराला ब्राझीलच्या रिओमध्ये हे वाद्य काखेत मारून रस्त्याने जाणं म्हणजे रिस्क होती. जुआंव दा बायाना, विशीतला पोरगा. पिन्येरो माशादो नावाच्या एका बड्या सिनेटरने त्याला बंगल्यावर वाजवायला बोलावलं आणि हा गेलाच नाही. का, तर एका जत्रेत पोलिसांनी त्याचा पांदेरो काढून घेतला होता. सिनेटरसाहेबांनी मग नवा पांदेरो बनवून घेतला, वर स्वतःच्या नावानिशी अक्षरं लिहून घेतली आणि दिला त्याच्या हातात. झालं, पुढे कुणी अडवलं की हा ती अक्षरं पुढे करायचा! ही गोष्ट तो पार म्हातारपणीसुद्धा सांगायचा.

आता सांबा म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे पिसं आणि लायटिंग येतं. पण ब्राझीलमध्ये गुलामगिरी संपली १८८८ ला, आणि १८९० च्या फौजदारी कायद्यात रिकामं भटकणं हा गुन्हा होता, म्हणजे गरीब काळा माणूस हातात वाद्य घेऊन दिसला की उचलायला कारण तयारच.

मग वाजवायचं कुठे? सियाता मावशीकडे. ही बाई मूळची बाइया प्रांतातली, रिओत आली आणि पांढरे झगे घालून रस्त्यावर मिठाई विकायची. घर कसं, तर पुढच्या खोलीत शोरो, म्हणजे बासरी-गिटारचं जरा सभ्य संगीत, मागे अंगणात सांबा, आणि त्याच घरात कांदोंब्लेची, म्हणजे आफ्रिकेतून आलेल्या देवांची, पूजा. असं सांगतात की तिने झाडपाल्याने राष्ट्राध्यक्षांच्या पायाची जखम बरी केली, बदल्यात नवऱ्याला पोलिस खात्याच्या ऑफिसात नोकरी मिळाली, आणि मग तिच्या दारात धाड पडायची बंद झाली. खरं-खोटं देव जाणे. पण तिच्याकडच्या बैठकांतून एक गाणं निघालं, ‘फोनवरून’ अशा अर्थाचं, दोंगा नावाच्या संगीतकाराने ते १९१६ ला स्वतःच्या नावावर रजिस्टर केलं, पुढच्या वर्षी रेकॉर्ड आली, आणि गाणं नेमकं कुणाचं यावरून जी भांडणं लागली ती लागलीच.

(सुर्दो, म्हणजे खर्जातला मोठा ढोल. नुसता सुर्दो.)

हा खालून येणारा ठोका ऐका. एक, दोन, एक, दोन, आणि वजन दोनवर. १९२८ ला इश्तासियो वस्तीतल्या पोरांनी मिरवणुकीसाठी मंडळ काढलं, पण जुना सांबा होता बैठकीचा, त्यावर शंभर माणसं चालवायची तर पाय जुळेनात. तेव्हा बीदे नावाच्या पोराने लोण्याचा मोठा पत्र्याचा डबा घेतला आणि त्यावर चामडं ताणलं. बस. आज कार्निव्हलमध्ये छातीत दणका बसतो तो त्या डब्याचा वारस आहे. तिसाचं दशक येईतो वारं फिरलं, सरकारलाच सांबा हवाहवासा वाटायला लागला, देशाची ओळख वगैरे.

बोसा नोव्हाबद्दल, म्हणजे सांब्याच्या हळुवार अवताराबद्दल, यूट्यूबवर ढिगाने आहे, मी थोडक्यात आटपतो. १९५८, गायक-गिटारवादक जुआंव जिल्बेर्तो. त्याआधी हा बहिणीच्या घरी बाथरूममध्ये गिटार घेऊन बसायचा, टाइल्समुळे आवाज घुमतो म्हणून. गंमत उजव्या हातात आहे, अंगठा वाजवतो सुर्दो आणि बाकीची बोटं तांबोरींची, म्हणजे छोट्या ढोलकीची, कटकट. अख्खी मिरवणूक सहा तारांवर, वर आवाज कानात बोलल्यासारखा. माझं प्रामाणिक मत, सांबा कुजबुजून गायला आणि लगेच मोठ्या दिवाणखान्यांत त्याला खुर्ची मिळाली.

आणि आता माझा आवडता माणूस, गायक जिल्बेर्तो जिल. जुलै १९६७, साओ पावलोत मोर्चा निघाला, कशाविरुद्ध, तर इलेक्ट्रिक गिटारविरुद्ध! परदेशी घाण म्हणे. पुढे गायिका एलिस रेजिना, आणि तिच्यासोबत चक्क जिल. आणि तीनच महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये, टीव्हीवरच्या स्पर्धेत हाच जिल ओस मुतांतेस या रॉक बँडच्या इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा, जोडीला बेरिंबाऊ, ते एका तारेचं धनुष्य, आणि दुसरा नंबर घेऊन गेला. याला पुढे त्रोपिकालिया म्हणाले. लष्करी सरकारला हे प्रकरण झेपलं नाही, डिसेंबर १९६८ ला जिल आणि त्याचा साथीदार गायक काएतानो वेलोझो दोघांना उचललं, मग लंडनला हद्दपार, परत आले ते १९७२ ला.

परत आल्यावर जिल बाइयातल्या साल्वादोर शहराच्या ज्या मंडळात घुसला त्याचं नाव ऐका, ‘फिल्योस दे गांधी’. गांधींची मुलं. गांधीजींच्या हत्येनंतर वर्षभराने, १९४९ ला, तिथल्या गोदी कामगारांनी हे सुरू केलं, पांढऱ्या चादरी अंगाला, टॉवेलचे फेटे. सत्तरच्या दशकात मंडळ मरायला टेकलं होतं, जिलने गाणं केलं, स्वतः मिरवणुकीत चालला. आज हजारो पुरुष निळ्या-पांढऱ्या माळा घालून, अत्तराचं पाणी उडवत चालतात आणि वाजतो इझेशा, कांदोंब्लेच्या पूजेतला ताल. आणि जिल? २००३ ला देशाचा सांस्कृतिक मंत्री.

(बेस. गल्लीतले स्पीकर.)

हा रिओचा फंक, वस्त्यांमधलं नाचाचं संगीत. ऐंशीच्या दशकात मायामीच्या रेकॉर्डवरून आला, नंतर त्यात इथलेच ढोल शिरले. २००९ ला रिओ राज्याने कायदा करून याला संस्कृती म्हणून मान्यता दिली, आणि २०१७ ला हाच फंक गुन्हा ठरवा म्हणून वीस हजारांहून जास्त सह्यांची मागणी सिनेटपर्यंत गेली. फेटाळली, पण गेली.

आता हा शेवटचा शॉट बघा. रिओच्या पोलिसांनी जुन्या काळी पूजेच्या घरांवर धाडी घालून मूर्ती, माळा, ढोल जे जे उचललं होतं, ते कितीतरी वर्षं पोलिसांच्याच संग्रहालयात ‘काळी जादू’ अशा नावाखाली पडून होतं. ५१९ वस्तू. २०२० च्या सप्टेंबरमध्ये त्या पेट्यांत भरून प्रजासत्ताक संग्रहालयात नेल्या, आणि त्या पेट्यांत ढोलही होते.