कोंबडीची देवी

हे पिल्लू जेमतेम दोन महिन्यांचं. तुऱ्यावर काळपट खपल्या, चोचीच्या कडेला मोहरीएवढे फोड, एक डोळा सुजून पार मिटलेला. समोर टाकलेली कणी त्याला दिसत नाही, म्हणून ते उपाशी राहून खंगत चाललंय.

याला कोंबडीची देवी म्हणतात. ती माणसाला होत नाही.

पावसाळ्यात खुराड्यामागं पाणी साचतं, डास वाढतात. पिसांमुळे त्यांना उघडी कातडीच सापडते: तुरा, पापण्या, पाय. फोडही तिथंच उठतात. मलेरियाचा जंतू डासाच्या पोटात वाढतो. देवीचा विषाणू डासात वाढत नाही, आजारी पक्ष्याला टोचलेल्या सोंडेला नुसता चिकटून राहतो. तोच डास मग पुढचे कित्येक दिवस पिल्लामागून पिल्लू बाधित करत जातो. गळालेल्या खपल्यांतही विषाणू महिनोन्‌महिने टिकतो, म्हणून खुराडं झाडून तो केर जाळायचाच.

मानमोडीसारखी (कोंबड्यांचा राणीखेत रोग) ही देवी खुराडं झटक्यात रिकामं करत नाही. कातडीवरच राहिली तर तीन-चार आठवड्यांत पक्षी सावरतो. घशात उतरली तर पिवळट पापुद्रे चढतात, श्वास कोंडतो, आणि असं पिल्लू बहुधा हातचं जातं. विषाणू मारणारं औषध नाही.

लस मात्र आहे. १९३१ साली अमेरिकेत अर्नेस्ट गुडपाश्चर आणि अ‍ॅलिस वुड्रफ यांनी कोंबडीच्या अंड्यात वाढवून दाखवला तो हाच विषाणू. अंड्यात लस तयार करण्याची वाट त्यातूनच खुली झाली.

६ ते ८ आठवड्यांच्या पिल्लाचा पंख उलगडायचा, दोन टोकांची सुई लसीत बुडवायची आणि शीर चुकवून पंखाच्या पातळ पडद्यातून आरपार टोचायची. ७ ते १० दिवसांनी तिथं बारीक गाठ आली, की लस लागली. नाही आली, तर पुन्हा टोचायची.

खरी अडचण कुपीची आहे. एका कुपीत शेकडो पिल्लांची लस, आणि कालवली की दोन-तीन तासांत संपवावी लागते. जिच्या दारात दहाच पिल्लं, ती बाई एकटीनं कुपी कशी फोडणार? म्हणून पावसाआधी बचत गटाच्या बैठकीत एक सकाळ ठरवा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी कळवा. पिल्लं एका जागी गोळा करू नका, लस बर्फात ठेवून टोचणाऱ्यानंच घरोघर फिरायचं. जिथं देवी दिसलीय, ते घर सगळ्यात शेवटी.