बी.एड.ची शिष्यवृत्ती: फॉर्म भरल्यावर पैसे अडतात कुठे?

महाराष्ट्रात बी.एड.ला प्रवेश घेतला, की शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर करायचा. योजना ठरते प्रवर्गावर आणि कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नावर. अनुसूचित जातीसाठी भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, उत्पन्नमर्यादा अडीच लाख. खुल्या प्रवर्गासाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती. तिची मर्यादा 8 लाख, लाभ निम्म्या शिक्षण शुल्काचा. 2024-25 पासून 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण प्रवेश कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या फेरीतूनच हवा. व्यवस्थापन कोट्यातली जागा घेतली, की ही सवलत गेली. त्यामुळे कॉलेज नक्की करण्याआधीच हे विचारून घ्या.

प्रोफाइल भरताना बी.एड.वाले हमखास अडतात ते मागच्या शिक्षणाच्या पानावर. पदवीनंतर दोन-तीन वर्षं नोकरी केलेली असते, आणि तो खंड दाखवायचा राहून जातो. खंड प्रमाणपत्र (गॅप सर्टिफिकेट) जोडलेलं नसलं, की अर्ज त्रुटीत परत येतो. अर्ज आधी क्लार्ककडे, मग प्राचार्यांकडे, शेवटी विभागाकडे जातो. ‘सेंड बॅक’चा मेसेज येईल म्हणून थांबू नका, दर आठवड्याला लॉगिन करून पाहा.

सगळ्यात जास्त मनस्ताप होतो तो बँकेपायी. खात्याला आधार जोडलेलं असणं वेगळं, आणि आधार सीडिंग, म्हणजे सरकारी पैसे त्याच खात्यात यावेत अशी नोंद झालेली असणं वेगळं. पैसे जातात ते एनपीसीआय या बँकांमधले व्यवहार सांभाळणाऱ्या संस्थेच्या नोंदीत तुमच्या आधारसमोर जी बँक आहे, तिथे. मध्येच दुसऱ्या बँकेत खातं उघडून डीबीटीला (सरकारी पैसे थेट खात्यात घ्यायला) संमती दिली, तर नोंद तिकडे सरकते. विद्यार्थी जुनंच पासबुक भरून पाहत बसतो, रक्कम भलत्याच खात्यात पडलेली असते. आधारच्या माय-आधार या वेबसाइटवर ‘बँक सीडिंग स्टेटस’ उघडा. तिथे बँकेचं नाव दिसतं, आणि सीडिंग चालू आहे की बंद तेही. बंद असेल तर शाखेत जाऊन सीडिंगचा संमती अर्ज द्या. मोबाईल ॲपवर केवायसी केली म्हणजे हे काम झालं, असं धरू नका.

अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा 60 टक्के, राज्याचा 40. हे दोन्ही वाटे वेगवेगळे जमा होतात, म्हणून एक हप्ता आला की सगळं मिळालं असं समजून कॉलेजचा हिशेब मिटवू नका. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज आपोआप झाला असं धरू नका. पहिल्या वर्षाचं गुणपत्रक हातात आलं, की लगेच भरा.